आधी आवाज, मग भूत : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमची भयपटाची शॉर्टफिल्म १४ मिनिटांची आहे. चित्रीकरण दिवाळीच्या सुट्टीत करणार आहोत, पण कॉलेजच्या महोत्सवाला टीझर त्याआधीच द्यायचा आहे. अजून एकही शॉट घेतलेला नाही. टीझर किती सेकंदांचा असावा आणि सुरुवात कुठून करावी?
*– बीएएमएमसी तृतीय वर्षाचा एक गट, डोंबिवली*

उत्तर : ४० ते ५० सेकंद. १४ मिनिटांच्या फिल्मला दीड मिनिटाचा टीझर म्हणजे पंगत बसायच्या आतच अर्धं जेवण उरकण्यासारखं. चित्रीकरण झालेलं नाही ही तर सोयच आहे, कारण फिल्ममधले तुकडे जोडून गोष्ट सांगण्याचा मोह आपोआप टळतो. गोष्ट सांगायला ट्रेलर आहे. टीझरने एक प्रश्न टाकायचा आणि उठून जायचं.

तो प्रश्न आधी एका वाक्यात लिहा. ‘वाड्यात काहीतरी आहे’ हे वाक्य कुठल्याही वाड्याला चिकटतं, म्हणून निरुपयोगी. ‘आजी रोज रात्री दोन ताटं वाढते आणि दुसरं ताट सकाळी रिकामं असतं’ हे चालेल. दोन ताटं, दोन पाट, रिकामी वाटी अशी सामानाची यादीही त्यातच आली. भूत त्यात कुठेच नाही. मेकअप करणाऱ्या मैत्रिणीचे कष्ट मुख्य फिल्मसाठी राखून ठेवा.

मग थेट एडिटिंग सॉफ्टवेअर उघडा, ४५ सेकंदांची काळी पट्टी ठेवा आणि तिच्यावर फक्त आवाज रचा. सध्या मोबाईलवर तोंडाने काढलेले आवाजही चालतील. वरच्या वाक्यापुरतं बोलायचं तर, पहिले ५ सेकंद काळोख आणि ताटात वाटी ठेवल्याचा आवाज. मग भात वाढणारा डाव, तांब्यातून पडणारं पाणी, मागे रातकिडे. पंधराव्या सेकंदाला रातकिडे एकदम थांबतात. पंचविसाव्याला पाट सरकतो, आणि कुणीतरी भुरका मारत जेवायला लागतं. अडतिसाव्याला सगळं शांत. चाळिसाव्याला एकच दणका आणि फिल्मचं नाव.

ही पट्टी गटाबाहेरच्या तिघांना डोळे मिटून ऐकवा आणि कुठे काय दिसलं ते विचारा. जिथे आवाजानेच त्यांच्या डोळ्यांपुढे काही उभं राहिलं, तिथे चित्र कमी लागेल. जिथे त्यांनी चुळबूळ केली, तिथला आवाज बदला. नंतर जागेवर जाऊन प्रत्येक शॉटचा मोबाईलने एक फोटो काढा आणि फोटो त्या आवाजावर बसवा. याला ॲनिमॅटिक म्हणतात. टीझर लांबला आहे की फसला आहे, हे इथेच कळतं, तेही फुकटात.

१६ शॉट पुष्कळ झाले. पहिले ५ प्रत्येकी साडेचार सेकंदांचे, मधले ५ दोन-दोन सेकंदांचे, शेवटचे ६ अर्ध्या सेकंदाचे. ही बेरीज साधारण ३५ सेकंद होते, उरलेले १० सेकंद काळोखाला आणि नावाला. सुरुवातीपासूनच भरभर कापलं तर शेवटी वेग वाढवायला जागा उरत नाही. बहुतेक विद्यार्थी टीझर इथेच मार खातात.

नवख्या गटाचे एका रात्रीत ८ ते १० शॉट होतात, त्याहून जास्त धरू नका. शॉटचा क्रम गोष्टीप्रमाणे लावू नका, दिव्याच्या जागेप्रमाणे लावा. दिवा खिडकीत असलेले सगळे शॉट एकदम उरकले की मगच दिवा हलवायचा. प्रत्येक शॉटच्या आधी आणि नंतर ५ सेकंद कॅमेरा चालू राहू द्या. निघण्यापूर्वी सगळ्यांना गप्प बसवून त्या खोलीचा मिनिटभर नुसता आवाज ध्वनिमुद्रित करा. तो पुढे लागतोच.

प्रश्न : मोबाईलवर रात्री घेतलेल्या चाचणी शॉटमध्ये दाणे दिसतात आणि ट्यूबलाइटच्या उजेडात चित्र फडफडतं. चांगला कॅमेरा भाड्याने घ्यावा का?
*– पॉलिटेक्निकचा विद्यार्थी, रत्नागिरी*

उत्तर : आत्ताच नको. तुमच्या दोन्ही दुखण्यांना वेगवेगळं औषध आहे.

फडफड विजेमुळे होते. आपल्याकडचा वीजपुरवठा ५० हर्ट्‌झचा, त्यामुळे ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा उघडझाप करतात. मोबाईल मात्र बहुधा सेकंदाला ३० फ्रेमवर (चित्रांवर) ठेवलेला असतो, आणि त्याचा शटर, म्हणजे एक फ्रेम टिपायचा वेळ, या तालात बसत नाही. २५ फ्रेम आणि १/५० सेकंदाचा शटर ठेवा. उजेड जास्त होत असेल तर १/१००. मधलं १/६० टाळा. स्लो मोशन घरच्या दिव्याखाली जवळपास नेहमी फडफडतं, तिथे बॅटरीचा टॉर्च आधी तपासून वापरा. मोबाईलच्या कॅमेऱ्यात हे आकडे हाताने बदलता येत नसतील, तर ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे ॲप मोफत आहे. आयफोनवर चालतं, काही अँड्रॉइड फोनांवरही.

दाणे येतात ते अंधारात अंधार टिपायला गेल्यामुळे. पडद्यावर काळोख दाखवायचा तर कशावर तरी उजेड पडलेला हवा, नाहीतर प्रेक्षकाला फक्त मळकट राखाडी दिसतं. आयएसओ, म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा, ४०० च्या आसपास कायम करा, ८०० च्या वर जाऊ नका. मुख्य लेन्सच वापरा. वाइड आणि झूमच्या लेन्समागचा सेन्सर बहुतेक फोनांत लहान असतो. ९ वॉटचा पांढरा एलईडी खिडकीबाहेर टांगा, पात्र खिडकी आणि कॅमेरा यांच्यामध्ये किंचित बाजूला उभं करा. चेहरा अगदीच बुडाला तर उजेड परतवायला समोरून थर्माकोलचा तुकडा धरा. बस्स.

कंदिलाची ज्योत कॅमेऱ्याला पुरत नाही. कंदिलाच्या मागे २७०० केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप) पिवळा एलईडी बटर पेपरमध्ये गुंडाळून लपवा. हॅलोजनला बटर पेपर लावलात तर तो पेटेल. उजेड कमी करायला स्वस्त डिमर लावू नका, तो एलईडीला पुन्हा फडफडवतो. दिवा दुप्पट लांब न्या, उजेड पाव होतो. आता कॅमेऱ्यातला व्हाइट बॅलन्स, म्हणजे कोणता उजेड पांढरा धरायचा ते, ३२०० केल्विनवर कायम केला की कंदील उबदार दिसतो आणि खिडकीतला पांढरा दिवा आपोआप निळं चांदणं होतो. रंगीत कागदाची गरज नाही.

अंगण किंवा रस्ता घरच्या दिव्यांनी उजळत नाही. ते शॉट सूर्यास्तानंतरच्या विसेक मिनिटांत घ्या. एका संध्याकाळी दोनच होतील, म्हणून तालीम उजेडात करून ठेवा.

तयार टीझर दिवा लावलेल्या खोलीत, मोबाईलचा ब्राइटनेस निम्मा ठेवून पाहा. कॉलेजच्या सभागृहातला प्रोजेक्टर काळ्याचा राखाडी करतो, तिथेही एकदा आधी चालवून बघा. यूट्यूबवर काळ्या भिंतीवरच्या छटांच्या पायऱ्या-पायऱ्या दिसतात. त्यावर उपाय म्हणजे एडिटमध्ये किंचित ग्रेन (मुद्दाम घातलेले बारीक दाणे) घालणं आणि १०८० ऐवजी १४४० पिक्सेल उंचीत निर्यात करून चढवणं. परीक्षकांना व्हॉट्सॲपवर पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

प्रश्न : आमचा टीझर हेडफोनवर ऐकला की अंगावर काटा येतो. शेवटी घुमणाऱ्या दणक्यासरशी एक चेहरा येतो. वर्गातल्या मुलांनी मोबाईलवर पाहिला तर कुणीच दचकलं नाही. उलट दोघं हसले.
*– द्वितीय वर्ष, कोल्हापूर*

उत्तर : तुमचा घुमणारा दणका बहुधा अगदी खालच्या पट्टीचा, म्हणजे ४०-६० हर्ट्‌झचा आहे. मोबाईलचा छोटा स्पीकर साधारण २०० हर्ट्‌झच्या खाली फारसं काही वाजवतच नाही. म्हणजे वर्गातल्या मुलांनी दणका ऐकलाच नाही, नुसता चेहरा आला आणि गेला. त्याच क्षणी दुसरा थर घाला. जाड लाकडी दारावर मुठीने मारलेली थाप उत्तम, कारण तिच्यात मधल्या पट्टीचा आवाज भरपूर असतो. आवाज पक्का करताना दर वेळी तो मोबाईलच्या स्पीकरवर ऐका.

दुसरी शंका अशी, की तुमचा टीझर पहिल्या सेकंदापासून मोठा आहे. दचकवतो तो आवाजातला फरक. दणक्याच्या आधी एक ते दोन सेकंद, म्हणजे २५ ते ५० फ्रेम, जवळजवळ शांतता हवी. पण पूर्ण शून्य नको, नाहीतर लोकांना व्हिडिओ अडकला असं वाटतं. पहिल्या उत्तरातला खोलीचा तो मिनिटभराचा आवाज इथे वापरायचा. सगळंच चढवून ठेवण्यात यूट्यूबवर फायदाही नाही. तिथे एकंदर आवाज साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (सरासरी मोठेपणाचं माप) वर गेला की तो खाली आणला जातो, आणि मग तुमचा दणका कुजबुजीइतकाच उरतो.

हाड मोडल्याचा आवाज ताज्या शेवग्याच्या शेंगेत किंवा मुळ्यात सापडतो. माइक वीतभर अंतरावर ठेवा आणि शेंग ओल्या फडक्यात गुंडाळून पिळा. ओला, किळसवाणा आवाज हवा तर पिकलेल्या पपईत हात घाला. झोपाळ्याच्या कड्यांची करकर निम्म्या वेगाने वाजवली की ती एक सप्तक खाली येते आणि झोपाळा ओळखू येत नाही.

किंकाळी रात्री जागेवर घेऊ नका. शेजारी ११२ लावतील आणि त्यांचं काही चुकणार नाही. गाद्या-गोधड्या रचलेल्या खोलीत दिवसा, माइक हातभर लांब आणि गेन (माइकची संवेदनशीलता) कमी ठेवून घ्या. तीन प्रयत्न पुरे, चौथ्याला घसा बसतो. मोबाईलचा व्हिडिओ आणि वेगळा घेतलेला आवाज हळूहळू एकमेकांपासून सुटत असतील तर दोष बदलत्या फ्रेमरेटचा, म्हणजे सेकंदाला कमी-जास्त होणाऱ्या फ्रेमचा आहे. हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमधून व्हिडिओ स्थिर २५ फ्रेमचा करून मगच एडिटला घ्या.

‘मोफत’ आवाज उतरवताना परवाना वाचा. सीसी म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स हा खुला परवाना. सीसी-झिरो असेल तर बिनधास्त, सीसी-बाय असेल तर श्रेयनामावलीत नाव, एनसी (बिगर-व्यावसायिक) असेल तर पुढे कमाई करता येणार नाही. जुनं चित्रपटातलं अंगाईगीत मैत्रिणीकडून गाऊन घेतलं तरी शब्द-चालीचा हक्क सुटत नाही. आपल्याकडे तो गीतकार-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. त्यापेक्षा जात्यावरची पारंपरिक ओवी घ्या. एकटीने, साथीशिवाय, जरा संथ गायलेली ओवी रात्री दोन वाजता ऐकून पाहा.

प्रश्न : नकली रक्त सरबतासारखं दिसतं. घरगुती कृती सांगाल का?
*– एक वाचक, नाशिक*

उत्तर : केकचं सामान मिळतं त्या दुकानातलं लिक्विड ग्लुकोज एक वाटी, पाणी दोन चमचे, खाण्याचा लाल जेल रंग अर्धा चमचा, अर्धा चमचा कोको पावडर थोड्या पाण्यात कालवून आणि निळ्या रंगाचा एकच थेंब. सरबतासारखं दिसतं ते कोको आणि निळा नसल्यामुळे. कोको कोरडाच टाकला तर गुठळ्या होतात. कपड्यांवर लावायच्या रक्तात चमचाभर भांडी घासायचं लिक्विड घाला, धुताना डाग लवकर सुटतो. तोंडात धरायच्या रक्तात अर्थातच घालू नका. हळद-चुन्याचा लाल रंग अंगाला लावू नका, चुन्याने कातडी सोलवटते.

निळ्या चांदण्यात हे रक्त काळं दिसेल. लाल दिसायला हवं तर कंदिलाच्या उजेडात आणा. शॉट संपताच पुसून घ्या. गोडामुळे तासाभरात मुंग्यांची रांग लागते आणि पुढच्या शॉटमध्ये ‘प्रेत’ खाजवायला लागतं. शहाबादी फरशी आणि चुन्याची भिंत रंग पिऊन टाकते, तिथे आधी प्लास्टिक अंथरा.

प्रश्न : फिल्मचं नाव ‘मध्यरात्र’. सॉफ्टवेअरमध्ये टाकलं की जोडाक्षरं सुटी होतात.
*– एक वाचक, पुणे*

उत्तर : प्रीमियर प्रो हे एडिटिंग सॉफ्टवेअर असेल तर त्यात प्रेफरन्सेसमधल्या ग्राफिक्सखाली टेक्स्ट इंजिन ‘साऊथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ करा आणि मजकूर नव्याने टाइप करा. फाँट युनिकोडच हवा. ‘मुक्ता’ मोफत आहे आणि मराठीला शोभतो. तरीही अक्षरं बिघडली तर इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये नाव लिहून पारदर्शक पीएनजी म्हणून बाहेर काढा आणि चित्रासारखं ठेवा. एक चूक इंग्रजी ट्रेलर पाहून होते : अक्षरांमधलं अंतर वाढवत नेणं. देवनागरीत त्याने शिरोरेखा तुटते आणि नाव म्हणजे विस्कटलेली दातांची कवळी वाटते. त्याऐवजी पूर्ण नाव ३ सेकंदांत १०० वरून १०४ टक्के इतकंच हळूच मोठं करा.

प्रश्न : आमच्या गावच्या राईत देवचारावर टीझर करायचा आहे. देवचारच खलनायक. परवानगी कुणाची घ्यावी? आणि ‘सत्य घटनेवर आधारित’ लिहावं का?
*– एक विद्यार्थिनी, सिंधुदुर्ग*

उत्तर : सिंधुदुर्गात आणि गोव्यात देवचार हा राखणदार मानला जातो. त्याला रोटाचा नैवेद्य देणारी माणसं तुमच्याच वाडीत असतील. त्याला खुनी दाखवलात तर भीती बाजूला राहील आणि रागच जास्त पदरात पडेल. चकवा घ्या. त्याला चेहरा नाही, मेकअप नाही. एकच पायवाट, तीच चौकट तीन वेळा. ट्रायपॉडच्या पायांखाली दगडांच्या खुणा करा, फ्रेम केसभरही हलता कामा नये. दर फेरीत एकच गोष्ट बदला : पहिल्यांदा झाडाखाली चपला नाहीत, दुसऱ्यांदा आहेत, तिसऱ्यांदा त्या कॅमेऱ्याकडे तोंड करून आहेत.

राई देवस्थानची असेल तर गावकरी-मानकऱ्यांना आधी भेटा, आणि आत धूप किंवा मशाल पेटवू नका. खाजगी घर असेल तर मालकाची लेखी संमती घ्या, तीत तारीख, वेळ आणि माणसांची संख्या लिहा. रात्रीचं काम असेल तर पोलीस ठाण्यात आधी अर्ज देऊन पोच घ्या. संरक्षित किल्ला किंवा रेल्वे स्थानक विद्यार्थ्यांच्या फिल्मलाही विनापरवाना चालत नाही. नकली कोयता नेताना पिशवीत झाकून न्या.

‘सत्य घटना’ नसेल तर लिहू नका. घर ओळखू आलं तर त्या घरात राहणाऱ्यांच्या दारात पुढची दोन वर्षं रील करणारी पोरं उभी राहतील.