दुबईतल्या ब्रिटिश शाळेत मुलांना घालण्याआधी काय काय बघावं?

तुम्ही लिहिलंय की कंपनी दोन वर्षांसाठी दुबईला पाठवतेय, पुढे वाढेलही कदाचित, मुलाची सातवी झालीये, मुलीची चौथी, शाळेच्या फीचा भत्ता मिळणारे आणि घरात सगळ्यांचा कल ब्रिटिश शाळेकडे आहे. आम्ही इथे बरीच वर्षं आहोत, आमची दोन्ही मुलं ब्रिटिश शाळेतच, मोठी आता ए लेव्हल (यांची अकरावी-बारावी) करतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

शाळा चांगली की वाईट हे नंतर. आधी परत कधी जायचंय ते बघा, कारण ब्रिटिश शाळेत शिरणं सोपं आहे, चुकीच्या वर्षी बाहेर पडणं महाकठीण. हिशोब साधा आहे, आपल्या इयत्तेत एक मिळवायचा. आपली पहिली म्हणजे यांचं ईयर २. तुमचा मुलगा आठवीच्या वयाचा, म्हणजे ईयर ९ ला बसेल, मुलगी पाचवीची, ती ईयर ६ ला. आता दोन वर्षं पुढे मोजा. मुलगा ईयर १० संपवून बसलेला असेल. आणि ईयर १० आणि ११ मिळून आयजीसीएसईचा, म्हणजे यांच्या दहावीचा, एकच दोन वर्षांचा कोर्स असतो, परीक्षा शेवटी, ईयर ११ च्या मे-जूनमध्ये. म्हणजे तुमचं काँट्रॅक्ट संपेल तेव्हा त्याच्या हातात काहीच नसेल, ना दहावीचं सर्टिफिकेट ना धड नववीचा रिझल्ट, आणि भारतात थेट दहावीत घ्यायला सीबीएसई शाळा का-कू करतात कारण बोर्डाचं रजिस्ट्रेशन नववीतच होतं. मग पुण्या-मुंबईतली केंब्रिज बोर्डाची, आयजीसीएसईवाली शाळाच शोधायची, तिची फी तेव्हा कंपनी देणार नाही, आणि तिथे मुलं बऱ्याचदा मार्चच्या परीक्षेला बसतात, इथली मे-जूनला, शिवाय विषय आणि बोर्ड जुळायला हवं, इथे बऱ्याच शाळा केंब्रिजऐवजी पिअर्सन या दुसऱ्या ब्रिटिश बोर्डाच्या परीक्षा घेतात.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. दोनच वर्षं नक्की असतील तर मुलाला इथल्या सीबीएसई शाळेत घाला, मुलीला खुशाल ब्रिटिश शाळेत. तीन वर्षं लेखी मिळत असतील तर मुलगाही ब्रिटिश शाळेत चालेल, आयजीसीएसई पूर्ण करून अकरावीला परत. सीबीएसईतही दहावीच्या मध्येच उठायची वेळ येऊ शकते, कारण त्यांचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, पण बोर्ड आणि पुस्तकं तीच राहतात. भावंडं दोन शाळांत म्हटलं की दोन बसच्या वेळा, दोन कॅलेंडर, आईबापांची धावपळ, मान्य आहे, पण इथे ओळखीत अशी घरं बरीच आहेत.

आणि ब्रिटिश शाळेतच बारावीपर्यंत राहिलात तर? तर ए लेव्हल, ईयर १२ आणि १३. मुलं तीन किंवा चारच विषय घेतात पण खोलवर करतात, माझ्या मुलीला हे मानवलं. मात्र निकाल ऑगस्टच्या मध्यावर लागतो, तोवर आपल्याकडे ऍडमिशनच्या फेऱ्या निम्म्या उरकलेल्या असतात. भारतात इंजिनिअरिंगला जायचं तर फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स हे तीन विषय ए लेव्हलला घेतलेले हवेत, ईयर १२ ला विषय निवडतानाच हे ठरतं, नंतर रडून उपयोग नाही. परदेशात शिकलेल्या मुलांसाठी एनआयटी वगैरेंना दासा नावाची वेगळी वाट आहे, आखातात नोकरी करणाऱ्यांच्या मुलांना तिच्यात फीची सवलतही मिळते, पण आता त्यालाही जेईई मेनचाच रँक लागतो, म्हणजे ए लेव्हलबरोबर जेईईचा क्लासही आलाच. मेडिकलवाल्यांनी तर आणखी सावध राहावं. महाराष्ट्राच्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी साधारणपणे डोमिसाइल आणि दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागते, दुबईत आयजीसीएसई केलं की तो रस्ता जवळजवळ बंद. इंग्लंड-कॅनडाला पाठवायचं असेल तर यातलं काहीच नडत नाही, ए लेव्हल तिथे सरळ चालतं.

आता शाळा निवडण्याबद्दल. नावात ब्रिटिश, इंग्लिश, कॉलेज, ग्रामर वगैरे असलं म्हणून भुलू नका. इथे १९६३ पासून चालणारी दुबई इंग्लिश स्पीकिंग स्कूल आहे, १९७८ चं दुबई कॉलेज आहे, इंग्लंडच्या जुन्या शाळांचं नाव घेऊन आलेल्या रेप्टनसारख्या शाळा आहेत (ती २००७ ची), आणि एखाद्या व्हिलाएवढ्या इमारतीत चालणाऱ्याही आहेत, अभ्यासक्रम सगळ्यांचा ब्रिटिशच. ब्रिटिश शाळा म्हणजे वर्गात ब्रिटिश मुलं असं समजत असाल तर, मध्यम फीच्या बऱ्याच शाळांत सगळ्यात मोठा गट आपला आणि पाकिस्तानचा असतो. मला त्यात काही वाईट वाटत नाही, पण ‘ऍक्सेंट येईल’ म्हणून जास्त फी भरणाऱ्यांनी आधी वर्ग बघून यावा.

दुबईतल्या खासगी शाळांवर केएचडीएचं, म्हणजे इथल्या सरकारी शिक्षण प्राधिकरणाचं, नियंत्रण आहे, त्यांचे तपासणी अहवाल वेबसाइटवर फुकट मिळतात. सगळे फक्त वरचं रेटिंग बघतात, आउटस्टँडिंग, व्हेरी गुड, गुड. मी म्हणेन आधी अहवालाचं वर्ष बघा, कारण २०२४-२५ मध्ये बहुतेक शाळांची पूर्ण तपासणी झालीच नाही, म्हणजे गेटवरच्या बॅनरवरचं रेटिंग जुनं असू शकतं, मधल्या काळात प्रिन्सिपलही बदललेला असतो. मग पहिल्या पानांवरचा तक्ता बघा, त्यात किती शिक्षक, एका शिक्षकामागे किती मुलं आणि वर्षाला किती टक्के शिक्षक सोडून गेले ते दिलेलं असतं. हा शेवटचा आकडा माझ्या दृष्टीने रेटिंगहून मोठा. बाहेरून आलेले शिक्षक बऱ्याचदा दोन वर्षांच्या काँट्रॅक्टवर येतात, मोठ्या सुट्टीत गायब होतात, आणि आयजीसीएसईच्या मधोमध मॅथ्सचा सर बदलला की घरी शिकवणी लागते. ब्रिटिश सरकारचीही परदेशातल्या शाळांसाठी एक तपासणी आहे, बीएसओ म्हणतात, शाळेकडे ती आहे का विचारा, असेल तर तो अहवालही वाचा.

फी वर्षाला पंधरा-वीस हजार दिरहॅमपासून लाखाच्या पुढे, वरच्या वर्गांत आणखी चढते. शाळा मनाला येईल तशी वाढवू शकत नाही, केएचडीएची मर्यादा आहे, प्रत्येक शाळेचा फीचा तक्ताही तिथेच बघता येतो. पण तक्त्याबाहेर बस, युनिफॉर्म, आयपॅड किंवा लॅपटॉप, ट्रिपा, आणि ईयर ११ ला परीक्षेची फी वेगळी, प्रत्येक विषयाची. इंग्रजीत किंवा अभ्यासात जादा मदत लागणारं मूल असेल तर त्याचा खर्चही काही शाळा पालकांवर टाकतात, ऍडमिशनच्या आधी लेखी घ्या. एचआरला एवढंच विचारा की भत्ता कशाकशाला आहे, फक्त ट्यूशन फी की सगळं, आणि नोकरी वर्षाच्या मध्ये गेली तर उरलेल्या टर्मचे पैसे कोण देणार. नोकरी गेली की इथे व्हिसा बदलायची किंवा देश सोडायची मुदत सुरू होते, आणि फी थकली की शाळा टीसी (शाळा सोडल्याचा दाखला) अडवते, आमच्या बिल्डिंगमध्ये एका कुटुंबाचं अगदी हेच झालं.

पहिली टर्म तुम्हाला विचित्र वाटेल. वह्या रिकाम्या, होमवर्क नावाला, पोहणं-नाटक-आर्ट भरपूर, पीटीएमला सगळे ‘शी इज लव्हली’ म्हणतात आणि आपल्याला मार्क किती ते कळतच नाही! मी तर शेवटी सरळ विचारायला लागले की वर्गाच्या मानाने कुठे आहे. मुलगी पाढे, भागाकार यात पुढे असेल, पण स्वतःच्या मनाने दोन पानं लिही म्हटलं की अडेल, तिकडे लक्ष द्या. बऱ्याच शाळा ऍडमिशनला कॅट-४ नावाची तर्कशक्तीची टेस्ट घेतात, तिची तयारी करून घ्यायची गरज नाही, क्लासवाले काहीही सांगतील. अरब नसलेल्या मुलांनाही ईयर २ ते १० अरबी सक्तीचं असतं, नव्याने येणाऱ्यांसाठी वेगळा गट आहे का विचारा. शुक्रवारी शाळा अर्धा दिवस, २०२२ पासून सुट्टी शनिवार-रविवार झाली.

मराठीचं मात्र घरीच बघावं लागेल. परत येऊन महाराष्ट्रातल्या शाळेत बसवायचं तर २०२० च्या कायद्याने दहावीपर्यंत मराठी आहेच, बोर्ड कुठलंही असो, आणि ईयर ६-७ मध्ये देवनागरी सुटली की जोडाक्षरं वाचताना मुलं रडकुंडीला येतात. आठवड्यातून दोनदा किशोर मासिकाचा एखादा अंक समोर बसवून वाचून घ्या, बास.

आणि कागद. दोघांचेही शाळा सोडल्याचे दाखले, आपण एलसी म्हणतो, इथे टीसी म्हणतात, अटेस्ट करून लागतील. अपोस्टिल (बऱ्याच देशांत चालणारा एकच शिक्का) इथे चालत नाही. शिक्षणाधिकाऱ्यांची सही, मग परराष्ट्र मंत्रालय, मग यूएई वकिलात, या क्रमाने आठवडे जातात, म्हणून तिकिटं काढायच्या आधी हे सुरू करा. दाखल्यावरचं नाव पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळतंय का तेही बघून घ्या, वडिलांचं नाव आणि आडनाव पुढे-मागे झालेलं असेल तर शाळेकडून आत्ताच दुरुस्त करून घ्या.