दावा आधी, ट्रेडमार्क नोंदणी नंतर: प्रमाणपत्र आता दाखल करता येईल?

प्रश्न : आमच्या मसाल्याचे नाव २०१२पासून बाजारात आहे. नक्कल करणाऱ्यावर २०२३मध्ये जिल्ह्याच्या कमर्शियल कोर्टात पासिंग ऑफचा (आमच्या नावाच्या आडून स्वतःचा माल खपवल्याचा) दावा लावला. ट्रेडमार्कचा अर्ज २०२१चा, पण त्याला विरोध झाल्याने नोंदणी आत्ता मिळाली. दाव्यात मुद्दे निघाले आहेत (न्यायालयाने वादाचे प्रश्न ठरवले आहेत), सरतपासाचे, म्हणजे आमच्या स्वतःच्या साक्षीचे शपथपत्र द्यायचे आहे. प्रमाणपत्र आता दाखल होईल का? — एक वाचक, सांगली

उत्तर : होईल, पण परवानगी मागावी लागेल. कमर्शियल दाव्यात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ११, नियम १ प्रमाणे हातातले सगळे कागद दाव्यासोबतच द्यायचे असतात. मागाहून द्यायचे तर आधी का दिले नाहीत याचे सबळ कारण दाखवावे लागते. तुमचे प्रमाणपत्र तेव्हा अस्तित्वातच नव्हते. दावा लावताना वादीच्या ताब्यात नसलेल्या कागदांना ही कडक अट लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सुधीर कुमार विरुद्ध विनय कुमार (२०२१) या प्रकरणात सांगितले आहे. मात्र प्रमाणपत्र हाती आल्यावर चालढकल केलीत, तर त्या विलंबाचा जाब द्यावा लागेल.

अर्ज हमखास बिघडतो तो इथे: प्रमाणपत्राच्या जोडीला २०१२ची राहून गेलेली बिले त्याच कागदयादीत घुसवली जातात. ती बिले पहिल्यापासून तुमच्याकडेच होती. त्यांच्यासाठी वेगळा अर्ज आणि वेगळे कारण द्या, नाहीतर चांगला कागदही त्यांच्याबरोबर अडकेल.

ऑनलाइन मिळालेल्या प्रमाणपत्रावर ते न्यायालयीन कामासाठी नाही, अशी टीप छापलेली असते. टीएम-एम फॉर्म भरून न्यायालयासाठीची प्रमाणित प्रत घ्या. ट्रेडमार्क कायद्याच्या कलम १३७प्रमाणे रजिस्ट्रारच्या शिक्क्याची प्रत पुराव्यात चालते.

आता या कागदाचे वजन. पासिंग ऑफमध्ये तीन गोष्टी शाबीत करायच्या असतात: नावाची पत, ग्राहकाची दिशाभूल आणि नुकसान. प्रतिवादी बाजारात उतरला त्या दिवशी तुमच्या नावाला पत होती का, हे पाहिले जाते. नोंदणीने ती शाबीत होत नाही. तिरुनेलवेलीच्या ‘इरुट्टुकडै हलवा’ या नावाच्या वादात (सय्यद मोहिदीन विरुद्ध सुलोचना बाई) सर्वोच्च न्यायालयाने आधीचा वापर नोंदणीहून वरचढ मानला. म्हणून विक्रीची बिले, वेष्टन छपाईची बिले, जाहिराती, सीएने प्रमाणित केलेले वर्षवार विक्रीचे आकडे यांवरच भर हवा.

नोंदणीचा खरा फायदा वेगळाच आहे. ट्रेडमार्क कायद्याच्या कलम २३प्रमाणे ती अर्जाच्या तारखेपासून, म्हणजे २०२१पासून लागू धरतात. त्यामुळे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ६, नियम १७खाली दाव्यात दुरुस्ती करून ट्रेडमार्क उल्लंघनाची मागणी जोडता येते. नुसते प्रमाणपत्र निशाणी (पुराव्याचा क्रमांक) पडून राहिले आणि दाव्यात त्याबद्दल मजकूरच नसला, तर उल्लंघनाचा हुकूम मिळणार नाही. साक्षीपुराव्याचा टप्पा आला की ‘पुरेशी दक्षता घेऊनही आधी मागता आले नाही’ हे दाखवावे लागते. तुमच्या बाबतीत नोंदणीची तारीखच ते दाखवते, तरीही दुरुस्तीचा अर्ज शपथपत्राच्या आधी द्या.

त्याआधी २०२१चा मूळ अर्ज काढून वाचा. त्यात ‘वापर करण्याचा इरादा’ असे लिहिले असेल आणि दाव्यात २०१२पासूनचा वापर असेल, तर उलटतपासात पहिला प्रश्न त्यावरच येईल. मग तुमचेच प्रमाणपत्र तुमच्याविरुद्ध वापरले जाईल. अशी विसंगती निघाली तर तिचा खुलासा सरतपासातच करा.