माशीला घराचा पत्ता कसा कळतो?

आटपाडीचे एक डाळिंब बागायतदार : परागीभवनासाठी सातेरी मधमाश्यांच्या चार पेट्या ठेवल्या होत्या. फवारणी करायची म्हणून भर दुपारी त्या शेडजवळून उचलून दीडशे फुटांवर बांधाला नेल्या. संध्याकाळी बघतो तर मोकळ्या स्टँडवर माश्यांचा घोळका! समोर पेटी दिसत असून त्या तिकडे का जात नाहीत?

कारण त्यांना पेटीपेक्षा पेटीची जागा पाठ असते. एखाद्या स्वच्छ दुपारी पेटीच्या दाराच्या बाजूला बसून बघा. पहिल्यांदा बाहेर पडणारी तरुण माशी सरळ निघून जात नाही. ती गर्रकन वळते, तोंड पेटीकडे करते आणि डावीउजवीकडे झुलत, दर झोक्याला थोडी मागे सरत वर चढते. झुलताना जवळच्या वस्तू जास्त सरकताना दिसतात, लांबच्या कमी. दाराजवळची खूण कोणती आणि लांबची कोणती, हे तिला त्यावरून उमगतं. तिची नजर आपल्याइतकी बारीक नाही. त्यामुळे शेडचा कोपरा, विजेचा खांब, शेवग्याचं झाड, डोंगराची कड अशा ठळक गोष्टीच ती धरते. मेंदू तिळापेक्षा लहान, पण त्यात जवळपास १० लाख चेतापेशी आहेत.

जागा एकदा पाठ झाली की मुरलेली माशी रोज मागे वळून बघत नाही. दारातून सुटते ती थेट फुलाकडे, आणि परतते ती पाठ असलेल्या जागी.

म्हणून दुपारी पेटी हलवू नका. रानात गेलेल्या सगळ्या कामकरी माश्या त्यात उघड्यावर पडतात, आणि मला याचं फार वाईट वाटतं. हलवायचीच असेल तर अंधार पडल्यावर, सगळ्या आत आल्या की दाराला जाळी लावून हलवा. सकाळी दारासमोर पानांची डहाळी आडवी ठेवा. अडथळा आला की माशी थबकते, वळते आणि नवी जागा बघून घेते. जुन्या स्टँडवर एक रिकामी पेटी ठेवा. चुकलेल्या माश्या तिच्यात जमतील, त्या रात्री नव्या जागी आणून सोडा. फवारणीपुरता प्रश्न असेल तर पेटी जागेवरच राहू द्या आणि फवारणी सूर्यास्तानंतर करा.

कराडच्या एक गृहिणी : खिडकीच्या चौकटीवर कुंभारीण माशी मातीचं घर बांधतेय. झाडताना शेजारची कुंडी सरकवली, तर ती कितीतरी वेळ भलत्याच ठिकाणी घिरट्या घालत राहिली. कुंडीशी तिचा काय संबंध?

कुंडी हीच तिची खूण! प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक निको टिनबर्गन यांनी वाळूत बीळ करणाऱ्या एका गांधीलमाशीवर हेच करून पाहिलं आणि १९३२ मध्ये प्रसिद्ध केलं. बिळाभोवती पाइनच्या शंकूंचं कडं मांडलं, तिला ते सवयीचं होऊ दिलं. मग ती बाहेर गेल्यावर कडं बाजूला सरकवलं. परत आल्यावर ती कड्याच्या मधोमध उतरली. खरं बीळ शेजारीच उघडं होतं! तेव्हा कुंडी पुन्हा होती तिथे ठेवा. पिलासाठी अळ्या भरून तिने घराचं तोंड लिंपलं, की खुशाल हलवा.

मिरजेची सातवीतली विद्यार्थिनी : मुंग्याही खुणा बघतात का?

स्वयंपाकघरातली रांग मुख्यतः वासावर चालते. सहारातल्या कॅटाग्लिफिस मुंगीला मात्र तापलेल्या वाळूत वासाचा माग उपयोगी पडत नाही. ती आकाशातल्या प्रकाशावरून दिशा धरते आणि पावलांवरून अंतर. २००६ मध्ये शास्त्रज्ञांनी काही मुंग्यांच्या पायांना काड्या चिकटवून टांगा लांब केल्या, तेव्हा त्या वारुळाच्या पुढे निघून गेल्या. वारुळाजवळ आल्यावर खुणाही कामी येतात.

वाईचे एक वाचक : पडवीच्या वाशात मोठा काळा भुंगा राहतो. अंधारातही घर शोधतो. वाशाला रंग द्यायचाय, चालेल?

भीमाशंकरच्या जंगलातला एक भुंगा अमावास्येलाही उडतो. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तो घराजवळच्या खुणांचा रंग नुसत्या चांदण्यांच्या उजेडात ओळखताना दिसला. त्या उजेडात आपल्याला रंग कळतच नाहीत. तेव्हा बाकीची पडवी रंगवा, पण आत पिलं आहेत तोवर तेवढा वासा आहे तसा राहू द्या.