लाखो वर्गणीदार असूनही अमेरिकेतलं 'लाइफ' साप्ताहिक १९७२मध्ये बंद का पडलं?

वर्गणीतून अंकाचा खर्चही निघत नव्हता, आणि ती तूट भरून काढणाऱ्या जाहिराती टीव्हीकडे वळल्या, म्हणून. हेन्री ल्यूस यांच्या टाइम कंपनीनं १९३६मध्ये काढलेल्या या चित्रसाप्ताहिकाचं गणित त्या काळच्या बहुतेक बड्या अमेरिकी नियतकालिकांचंच होतं: अंक स्वस्तात द्यायचा आणि वाचकसंख्या दाखवून जाहिरातदाराकडून पैसे घ्यायचे. जाहिराती आटल्यावर मोठा खप हाच बोजा झाला. (त्याआधी 'सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट' या दुसऱ्या नियतकालिकाचे वर्गणीदार आपल्याकडे घेऊन तो आणखी फुगवला होताच!) त्यात टपालाचे दर वाढले. 'लुक' हे दुसरं अमेरिकी चित्रनियतकालिकही १९७१मध्ये असंच बंद पडलं. मात्र 'लाइफ' हे नाव तेव्हा संपलं नाही. १९७८ ते २०००पर्यंत ते मासिक म्हणून निघत होतं.