डेझर्ट हॉट स्प्रिंग्सचा विणकाम-योगा कॅम्प: लोकर, सुया आणि गरम पाणी

अक्का, तुमचा प्रश्न वाचला. लेकीनं फेब्रुवारीत कॅलिफोर्नियात डेझर्ट हॉट स्प्रिंग्सला विणकाम आणि योगाचा रिट्रीट बुक केलाय, तुम्हाला बीपीची गोळी चालू आहे, आणि लोकर किती न्यायची ते कळंना झालंय. मी हिवाळ्यात त्या भागात राहून आलेय आणि हातात सुया रोजच असतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वाळवंट म्हणून नुसतं सुती भरू नका. दिवसा छान ऊन असतंय पण रात्री पारा 10 च्या आसपास येतो, आणि वारा तर विचारूच नका, जवळच्या खिंडीत पवनचक्क्यांची रांगच्या रांग उभी आहे त्यावरून काय ते समजा. पाण्यातून ओल्या अंगानं वर आलं की दात वाजतात, तेव्हा कानटोपी आणि जाड शाल घ्याच.

आता पाणी. आपल्याला गरम पाण्याचे झरे म्हटलं की राजापूरचं उन्हाळे आठवतं, गंधकाचा वास येतो ते. इथं तसला वास नाही. जमिनीतून येतं तेव्हा पाणी अगदी कढत असतंय, निववून 40 डिग्रीच्या आसपास आणून टाक्यात सोडतात. गंमत म्हणजे गावाखालून जमिनीची मोठी भेग जाते, सान आंद्रियास नावाच्या भूकंपाच्या मोठ्या भेगेचीच फांदी, तिच्या एका अंगाला गरम पाणी आणि दुसऱ्या अंगाला पिण्याचं गार. 1913 साली तिथं राहायला आलेल्या कॅबट यर्क्सा नावाच्या माणसाला विहीर खणताना हे सापडलं, त्यानं स्वतः बांधलेलं मातीचं घर आता म्युझियम आहे, विणकामातून एक दुपार काढून बघून या.

बीपीचं मात्र डॉक्टरांना विचारूनच ठरवा ओ. गरम पाण्यात रक्तवाहिन्या सैल पडतात, प्रेशर उतरतं, आणि एकदम उठलं की डोळ्यापुढं अंधारी येते. दहा-पंधरा मिनिटं बस झाली, कठडा धरून सावकाश उठायचं, पाणी पीत राहायचं, जेवल्या जेवल्या उतरायचं नाही. आणि क्रम सांभाळा: सकाळी योगा, मग विणकाम, पाणी शेवटी संध्याकाळी. बऱ्याच ठिकाणी उलटं ठेवतात, आधी डुंबा आणि मग आसनं, पण पाण्यानं अंग इतकं सैल वाटतंय की पाठीचा ताण कळतच नाही, माणूस ओणवा होतच जातो आणि दुसऱ्या दिवशी कंबर धरून बसतो. लेकीला सांगून तुमच्यापुरता क्रम बदलून घ्या, त्यात लाजायचं काय.

विणकामाचं ऐका. कोरड्या हवेत ॲक्रिलिक लोकर अंगाला, साडीला, सुईला चिकटत राहते, चटचट करते, वैताग येतो. खऱ्या लोकरीच्या नाहीतर सुताच्या दोन लडी घ्या, त्याहून जास्त नको, तिथं दुकानात तुमची बोटं थांबणार नाहीत हे मी आताच सांगते! त्या कोरड्या हवेत बोटांची टोकंही फुटतात आणि प्रत्येक टाक्याला धागा त्या भेगेत अडकतो. खोबरेल रात्री चोळून झोपा, विणायला बसताना नको, लोकरीला डाग पडतात. टाकीतून आल्यावर सुरकुतलेल्या बोटांनी लगेच सुया धरू नका, टाके ढिले पडतात आणि तेवढ्याच चार ओळी सगळ्यात वेगळ्या दिसतात. अर्धा तास जाऊ द्या. पिशवी टाकीच्या काठावर तर नकोच, खरी लोकर गरम पाण्यात पडून चोळली गेली की आटून घट्ट नमदा होतो, तो परत सुटत नाही.

स्वेटरचा घाट नको. दिवसभर मान खाली, वर आसनांत मनगटावर भार, म्हणजे दुखणं ठरलेलंच. साधा मफलर घाला, एक ओळ सुलट एक उलट, गप्पा मारत होतोय की. मनगट आधीच दुखत असेल तर हातावर भार येणारी आसनं कोपरांवर करा, शिकवणारीला पहिल्याच दिवशी सांगून टाका.

सुयांचं म्हणाल तर अमेरिकेतल्या विमानतळावर त्या हातातल्या बॅगेत चालतात, पण आपल्या इथून निघताना सिक्युरिटीवाल्याशी वाद कशाला, सरळ मोठ्या बॅगेत टाका. आवडतं विणकाम अर्धवट सुईवर असेल तर टाके जाड दोऱ्यात ओवून ठेवा, म्हणजे सुई काढली तरी सुटायचे नाहीत.