चिनी भाषेत 'शिन-खू' म्हणजे नेमके काय?

शब्दकोशात 'शिन-खू'चा अर्थ 'कष्टाचे, खडतर' असा असताना चिनी माणसे सामान आणून देणाऱ्याला 'शिन-खू ल' का म्हणतात, असे तुम्ही विचारले आहे. शब्दकोश चूक नाही, पण तो अर्धेच सांगतो.

'शिन' म्हणजे तिखट, 'खू' म्हणजे कडू. कारल्याला चिनीत 'खू-क्वा' म्हणतात, त्यातलाच हा खू. या अक्षरात वर गवताची खूण असते आणि खाली 'जुने' या अर्थाचे 'कू' हे अक्षर उच्चार सुचवायला बसवलेले असते. क आणि ख यांतला फरक आपण लहानपणापासून ऐकतो, त्यामुळे रोमन लिपीतले 'के' पाहून फसू नका, स्पष्ट 'खू' म्हणा. 'शिन'चा सूर उंच आणि सपाट, 'खू'चा खाली उतरलेला.

तिखट-कडू सोसणे म्हणजे कष्ट. त्यापुढे 'ल' हा 'झाले' असे सुचवणारा शब्द लावून समोरच्याला म्हटले की 'तुमचे कष्ट मला दिसले' असा भाव येतो. 'श्ये-श्ये' म्हणजे आपल्यासाठी केल्याचे आभार. 'शिन-खू ल' मात्र रात्रपाळी करून घरी आलेल्या माणसालाही म्हणतात, ज्याने त्या वेळी आपल्यासाठी काहीच केलेले नसते. बाहेरून आलेल्याला आपण 'दमलात ना, बसा' म्हणतो, ते मला याच्या सगळ्यात जवळचे वाटते.

1 ऑक्टोबर 1984 च्या बीजिंगमधील संचलनात चीनचे तेव्हाचे सर्वोच्च नेते तंग श्याओफिंग (डेंग शियाओपिंग) उघड्या मोटारीतून सैनिकांना 'थोंग-चर-मन शिन-खू ल' म्हणाले, म्हणजे 'कॉम्रेडहो, कष्ट घेतलेत', आणि सैनिकांनी 'जनतेची सेवा!' असे उत्तर दिले. पण शब्द फक्त वरून खाली जात नाही. 10 सप्टेंबरला, शिक्षकदिनी, मुले शिक्षकांना 'लाओ-शर (गुरुजी), नीन शिन-खू ल' म्हणतात. 'नीन' म्हणजे आदराचे 'तुम्ही', ते मोठ्यांशी बोलताना विसरू नका.

स्वतःबद्दल मात्र जपून. सुरुवातीला एकदा जिने चढून धापा टाकत मी 'वो हन शिन-खू' (मी फार शिन-खू) म्हणाले, तेव्हा चिनी शिकवणाऱ्या बाईंनी तिथल्या तिथे थांबवले. अंग थकले असेल तर 'लेइ' म्हणायचे. 'मी शिन-खू' म्हटले की आपलेच कष्ट मोजून दाखवल्यासारखे होते.

विनंतीतही तो येतो. 'शिन-खू नी फाओ यी थांग' म्हणजे 'तेवढी एक फेरी मारायची तसदी घे'. आणि कुणी तुम्हालाच 'शिन-खू ल' म्हटले, तर 'पू शिन-खू' म्हणा: छे, कसले कष्ट!