सुट्टीवरून आल्यावरही तोच थकवा : बँकेतल्या बर्नआउटबद्दल

तुमचं सगळं दोनदा वाचलं. कर्ज विभागात सहा वर्षं, रविवारी दुपारचे चार वाजले की छातीत धडधड, आठ दिवस तारकर्लीला जाऊन आलात आणि कामावर रुजू झाल्याच्या तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. घरचे म्हणतात योगा कर, नवरा म्हणतो ताण कुणाला नाही. तुमचे प्रश्न तीन आहेत : हा नुसता थकवा आहे की आणखी काही, मानसोपचारतज्ज्ञाकडे गेलं तर गोळ्या जन्माच्या मागे लागतील का, आणि बँकेत कळलं तर काय होईल.

मी सव्वीस वर्षं सरकारी बँकेत आहे. त्यातली सात वर्षं शाखाधिकारी होते आणि शेवटच्या दोन वर्षांत यातूनच गेले. डॉक्टर नाही, त्यामुळे निदान करणार नाही. मला काय झालं आणि कशाने बरं वाटलं एवढंच सांगते.

धडधडीचं आधी. ईसीजी झालाय का ते तुम्ही लिहिलेलं नाही. झाला नसेल तर याच आठवड्यात फॅमिली डॉक्टरांकडे जाऊन काढून घ्या, सोबत हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ आणि साखर. थायरॉइड बिघडला किंवा रक्त कमी झालं तरी माणूस असाच थकतो, चिडतो, छाती धडधडते. माझं हिमोग्लोबिन ८.९ निघालं होतं. जिना चढताना दम लागायचा, तो टेन्शनमुळे असं मी दोन वर्षं धरून चालले होते. लोहाच्या गोळ्यांनी दम लागणं थांबलं. बाकीचं थांबलं नाही, तेव्हा आमचे डॉक्टर स्वतःहून म्हणाले, आता मानसोपचारतज्ज्ञांना दाखवू या.

आता थकव्याबद्दल. मला स्वतःचा थकवा कधी खटकलाच नाही. बँकेत थकणं म्हणजे काम करणं, असं आपण सगळेच धरून चालतो. मार्च एंडला रात्री अकराला घरी, संध्याकाळी साडेसातला व्हीसी म्हणजे साहेबांची व्हिडिओवरची मीटिंग, रविवारी ग्रुपवर 'आजचे लॉगिन किती?', म्हणजे नवे अर्ज किती चढवले, हे सगळं अंगवळणी पडलं होतं. मला हलवलं ते वेगळ्याच गोष्टीने.

२०१८ चा नोव्हेंबर. हयातीच्या दाखल्यांची गर्दी. आमची शाखा सातारा जिल्ह्यात, माजी सैनिकांची पेन्शन खाती भरपूर. ऐंशीच्या पुढचे एक आजोबा पहिल्या एसटीने आले होते, पीपीओचं, म्हणजे पेन्शन मंजुरीचं पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी छातीशी धरलेली. मशीन त्यांचा अंगठा घेईना. फौजेतून आल्यावर चाळीस वर्षं शेती केलेला हात, रेषा पार पुसट झालेल्या. ते अंगठा धोतराला पुसायचे, पुन्हा ठेवायचे, पुन्हा पुसायचे. कागदी फॉर्म भरून माझी एक सही झाली असती तर काम संपलं होतं. दोन मिनिटांचं काम. मी मान वर न करता म्हटलं, "उद्या या."

ते काही बोलले नाहीत. पुस्तक पिशवीत घातलं, पिशवीला गाठ मारली आणि गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. आठवड्याने नातवाला घेऊन आले, तेव्हा मी त्यांना परत पाठवलं होतं हे माझ्या ध्यानातही नव्हतं. आमच्या हेड कॅशियरनी संध्याकाळी केबिनचं दार लोटून हळूच सांगितलं, "मॅडम, तुम्ही अशा नव्हतात हो."

मला रडू आलं नाही, वाईटही वाटलं नाही. आणि त्याचीच मला भीती वाटली. माझे वडील पेन्शनर होते. असं कुणाला परत पाठवल्यावर पूर्वी मला रात्री झोप लागली नसती.

म्हणून तुम्हाला विचारते, ग्राहक समोर येऊन बसला की तुम्हाला आत काय होतं? थकलेल्या माणसाला माया असते, फक्त ताकद नसते. बर्नआउटमध्ये मायाच आटते. ख्रिस्तिना मास्लाक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी यावर आयुष्यभर काम केलं, त्या याचे तीन धागे सांगतात : शरीर-मन पार रिकामं होणं, कामाबद्दल आणि माणसांबद्दल कोरडेपणा किंवा कडवटपणा येणं, आणि आपण करतो त्याला काही अर्थ उरला नाही, आपल्याला काही जमत नाही असं वाटू लागणं. पहिला धागा सुट्टीने थोडा सैल होतो. दुसरा आणि तिसरा माझे झाले नाहीत. तारकर्लीहून आल्यावर तीन दिवसांत सगळं परत येण्याचं मला दिसतं ते कारण हे. तुम्ही विश्रांती घेतलीत, पण ज्याने हे घडवलं ते टेबल, ते टार्गेट आणि त्या टेबलावर बसण्याची तुमची पद्धत जागच्या जागीच होती.

आणखी एक, कारण तुम्ही स्वतःला 'कमकुवत' म्हटलंय. १९७४ साली हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने बर्नआउट हा शब्द अभ्यासात आणला, तो न्यूयॉर्कच्या मोफत दवाखान्यात राबणाऱ्या लोकांबद्दल होता. त्याच्या बघण्यात आलं की जीव ओतून काम करणारेच जास्त पोळतात. वेळ मारून नेणाऱ्याला हे सहसा होत नाही.

मानसोपचारतज्ज्ञांकडे पहिल्या भेटीत पाऊण तास गेला. त्यांनी नऊ प्रश्नांचा एक कागद दिला, पीएचक्यू-९ म्हणतात, मराठीतही मिळतो. गेल्या दोन आठवड्यांत झोप, भूक, लक्ष लागणं, उदास वाटणं असं किती दिवस झालं, त्यावर खुणा करायच्या. आकडा जितका मोठा तितका त्रास जास्त. सत्तावीसपैकी माझे सतरा आले. नववा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दल असतो. मी तिथे 'अजिबात नाही'वर खूण केली होती. डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवून पुन्हा विचारलं, तेव्हा सांगितलं की स्कूटरवरून जाताना कधीकधी वाटतं, एखाद्या ट्रकने उडवलं तर उद्या जावं लागणार नाही. ते म्हणाले, हे सांगितलंत ते फार बरं केलंत. तुमच्या मनात असं काही, अगदी ओझरतंही येत असेल तर पुढचं वाचत बसू नका. १४४१६ लावा. टेली-मानस ही सरकारी सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलता येतं. विचार जोर धरत असेल तर कुणाला तरी सोबत घेऊन थेट हॉस्पिटल गाठा.

माझं निदान त्यांनी डिप्रेशन असं लिहिलं, बर्नआउट असं नाही. मला तेव्हा ते पटलं नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीत, २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत, बर्नआउट आहे, पण आजार म्हणून नाही. नोकरीतला ताण बराच काळ आटोक्यात न आल्याने होणारी अवस्था, अशी त्याची नोंद आहे. ती लांबली की तिच्या आडून डिप्रेशन किंवा चिंतेचा विकार येऊ शकतो, आणि उपचार त्याचेही करावे लागतात. हे वेगळं करून बघणं तज्ज्ञाचं काम. आपण घरी बसून, मोबाइलवर वाचून ते ठरवू नये.

गोळ्यांचं. डिप्रेशनवरच्या गोळ्या आणि झोपेच्या गोळ्या यांत लोक गल्लत करतात. झोपेसाठी आणि चिंतेसाठी देतात त्या अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची बरेच दिवस घेतल्या तर सवय लागते. मी त्याआधी ओळखीच्या मेडिकलमधून आणून तीन महिने त्या खाल्ल्या होत्या, ते चुकलंच. डॉक्टरांनी त्या हळूहळू सोडवल्या आणि एसएसआरआय गटातली, म्हणजे डिप्रेशनवरची गोळी सुरू केली. तिची तशी चटक लागत नाही, पण ती मनाने एकदम बंदही करायची नसते. पहिले आठ-दहा दिवस मळमळ झाली, फरक काहीच वाटला नाही. पाचव्या आठवड्यात एके सकाळी कुकरची शिट्टी ऐकून दचकले नाही, तेव्हा कळलं की काहीतरी बदलतंय. बरं वाटल्यावरही काही महिने चालू ठेवतात, नाहीतर दुखणं उलटतं. माझ्या एकूण अकरा महिने चालल्या, मग कमी करत करत बंद झाल्या. प्रत्येकाला गोळ्या लागतातच असंही नाही. माझ्या बहिणीचं निव्वळ समुपदेशनावर भागलं.

गोळीने मला उभं केलं, पण त्याच खड्ड्यात पुन्हा पडायला नको हे मानसशास्त्रज्ञ बाईंकडे शिकले. यांच्याकडे जाताना क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहेत का आणि आरसीआयची, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची नोंदणी आहे का, हे सरळ विचारा. विचारलं म्हणून कुणी रागावत नाही, आणि रागावलं तर दुसरीकडे जा. मोठ्या शहराबाहेर असाल तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते, केसपेपर काढून दाखवता येतं. ठाण्यात आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही मानसिक आरोग्याची संस्था १९९० पासून मराठीतून हे काम करते आहे.

त्या बाईंनी मला पहिले दोन आठवडे फक्त वही लिहायला लावली. कुठल्या तासाला काय केलं आणि त्यानंतर अंगात जीव आला की गेला. मला वाटायचं की कर्जवसुली मला खाते. वहीत निघालं भलतंच. वसुलीला गावात गेले की त्या दिवशी मी बरी असायचे, माणसांशी बोलणं व्हायचं. जीव जायचा तो गरज नसलेल्या माणसाच्या गळ्यात विमा पॉलिसी मारताना, आणि व्हीसी संपल्यावरच्या एका तासात.

मग 'च'वर आलो. मी बोलले की त्या माझी वाक्यं कागदावर उतरवायच्या. 'टार्गेट पूर्ण झालंच पाहिजे.' 'साहेबांचा फोन मीच उचलला पाहिजे.' 'शाखेचं नाव खाली जाताच कामा नये.' प्रत्येक वाक्यातल्या 'च'ला त्यांनी गोल केला आणि म्हणाल्या, "हा 'च' काढून वाक्य मोठ्याने वाचा." टार्गेट पूर्ण झालं पाहिजे. झालं तर बरं. पूर्ण व्हावं अशी माझी इच्छा आहे. ऐकायला साधं वाटतं, पण मला पहिल्यांदा ते वाचताना घसा दाटून आला होता. विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत, म्हणजे विचार बदलून भावना बदलायच्या उपचारात, अशा हट्टी मागण्यांवरच काम करतात. दहा-बारा भेटी झाल्या, आठवड्याला एक. पाचवी की सहावी भेट निव्वळ 'नाही' म्हणण्याच्या सरावात गेली. त्या साहेब झाल्या आणि मी म्हणत होते, "सर, आज नाही होणार, उद्या अकरापर्यंत देते."

सगळं खापर मी माझ्या 'च'वर फोडत नाहीये, हेही लिहून ठेवते. चार माणसांचं काम दोघांवर टाकून वर रोज रात्री जाब विचारला, तर कितीही विवेकी माणूस पोळेल. म्हणून उपचार चालू असतानाच कामाच्या जागेचंही काहीतरी हलवावं लागतं. मी सहा आठवडे रजा घेतली. पहिले दहा दिवस नुसती झोपले आणि उठले की अपराधी वाटायचं. तिसऱ्या आठवड्यात मंडईत गेले, कोथिंबिरीच्या भावावरून बोलले, तो दिवस मला अजून आठवतो. परत गेल्यावर शाखाधिकारीपद नको, ऑफिसात डेस्क द्या असा लेखी अर्ज दिला. मिळायला चार महिने लागले, आणि त्या वर्षीचं प्रमोशन गेलं. हे लपवून तुम्हाला धीर देणार नाही. पुढच्या मार्चमध्ये पुन्हा पंधरा दिवस वाईट गेले, पण तेव्हा मी तिसऱ्या दिवशीच डॉक्टरांना फोन केला होता.

बँकेत कळण्याचं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तुमच्या उपचारांची माहिती गुप्त राहण्याचा हक्क दिलेला आहे. सर्टिफिकेटवर काय शब्द असतील ते डॉक्टरांशी आधीच बोलून घ्या, मी घेतलं होतं. सिक लीव्ह अर्ध्या पगारी असते, पण दुप्पट दिवस खर्ची टाकून पूर्ण पगार घेता येतो, तुमच्या एचआरच्या माणसाला तेवढंच विचारा. मी फक्त हेड कॅशियरना आणि एका मैत्रिणीला खरं सांगितलं होतं. बाकीच्यांना 'तब्येत' एवढं पुरलं. मेडिक्लेमवर फार विसंबू नका. कायद्याने मानसिक आजार विम्यातून वगळता येत नाहीत, पण बहुतेक पॉलिसी भरती झाल्यावरच पैसे देतात, आणि आपला खर्च सगळा ओपीडीचा.

नवऱ्याला वाद घालून पटवू नका. दुसऱ्या भेटीला सोबत न्या. माझे यजमानही 'सगळ्यांनाच असतं' म्हणायचे. डॉक्टरांनी त्यांना दहा मिनिटं समजावल्यावर परतीच्या वाटेवर ते एवढंच म्हणाले, "उद्यापासून डबे मी बघतो." योगाही करा, मी अजून करते, पण उपचाराच्या जोडीला. उपचाराऐवजी नको.

पहिल्या भेटीला जाताना एका कागदावर लिहून न्या, समोर बसल्यावर निम्मं आठवत नाही. हे कधीपासून सुरू झालं, झोप किती, भूक कशी, पाळीत काही बदल, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, दुकानातून आणलेल्याही. रक्ताचे रिपोर्ट. आणि माझ्या त्या आजोबांसारखी एखादी गोष्ट तुमच्याकडे असेल, तर तीही सांगा. मला ती तिसऱ्या भेटीत सांगता आली.